तेरडा
(गुलमेंदी, लॅटिन नाव इंपेशन्स बाल्समिना, कुल – बाल्समिनेसी). पावसाळ्यात फुलणारी, स्वतःच बी पेरणारी वर्षायू ओषधी. मूळस्थान भारतीय उपखंड व म्यानमार. महाराष्ट्रात ती रानातही उगवते. खोड रसाळ, उंची सु. २०–७५ सेंमी.; फुलाला मागे शेपटीसारखी शुंडिका. पिकलेले बोंड स्पर्शानेही तडकते, त्याच्या झडपा आत वळतात व बिया दूर उडतात (पहा : बीजप्रसार). त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात वाफ्यात रोपांची दाटी होते. चार-सहा पानांची रोपे ढगाळ दिवशी मुळांभोवतीच्या मातीसह काढून विरळ अंतरावर लावतात (पहा : पुनर्लावणी); वाढलेले रोप हलविल्यास लगेच मान टाकते. प्रसार रोखण्यासाठी बोंडे हिरवी असतानाच खुडतात. उरलेली रोपे मुळे उथळ असल्याने हाताने सहज उपटता येतात. भाद्रपदात काही घराण्यांत मुळांसह आणलेली तेरड्याची रोपे गौरी म्हणून पूजतात (पहा : ज्येष्ठागौरी).