नवीन घर बांधताय? प्लास्टरच्या आधी स्पीकरच्या वायरी टाकून घ्या, नाहीतर नंतर चिरा फोडावा लागेल

दिवाळी झाली की रत्नागिरीत बांधकामांचा सीझन सुरू होतो. मेअखेर पाऊस येण्याआधी स्लॅब पडला पाहिजे, भिंती उभ्या राहिल्या पाहिजेत, जमलं तर प्लास्टरही उरकलं पाहिजे, अशी सगळ्यांचीच घाई असते. या घाईत लाईट, पंखे आणि मोटार यांचं वायरिंग आठवणीने होतं. स्पीकरची आठवण मात्र गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी येते. तोवर भिंतीला रंगाचे दोन हात बसलेले असतात.

मग एक तर भिंतीवरून पांढऱ्या पट्ट्या फिरतात, नाहीतर ग्राइंडर लावून चिरा कापावा लागतो. दोन्ही टाळायचं असेल तर काय करायचं, किती करायचं आणि कोकणातल्या हवेत कुठे जास्त काळजी घ्यायची, ते समजून घेऊया.

मल्टिरूम ऑडिओ म्हणजे नेमकं काय?

एकाच ठिकाणाहून घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांमध्ये आवाज पोचवायची सोय म्हणजे मल्टिरूम ऑडिओ. सकाळी स्वयंपाकघरात आकाशवाणी, त्याच वेळी वरच्या खोलीत मुलांची गाणी, आणि गणपतीत माजघरातली आरती थेट पडवीपर्यंत. प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो.

यासाठी तीन गोष्टी लागतात. आवाजाचा उगम, म्हणजे मोबाईल, रेडिओ, टीव्ही किंवा माईक. तो आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर. आणि खोल्यांमधले स्पीकर. या तिघांना जोडणारी वायर भिंतीतून न्यायची असते. बाकी वस्तू कधीही विकत घेता येतात. भिंतीतल्या वाटेची वेळ मात्र एकदाच येते.

सगळं वायरलेस झालंय, मग वायर कशाला?

हा प्रश्न बरोबर आहे. मुंबई-पुण्याच्या टू-बीएचके फ्लॅटमध्ये वायफाय स्पीकरवर काम भागतं. रत्नागिरीच्या घराचं गणित थोडं वेगळं आहे.

पहिलं कारण भिंती. इथलं घर बहुतेक वेळा जांभ्या चिऱ्याचं असतं. चिऱ्याची भिंत जाड असते, त्यावर प्लास्टर आणि वर सळईने भरलेला स्लॅब. वायफायचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडताना चांगलाच कमजोर होतो, त्यातही वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जास्त. हॉलमध्ये राउटर आणि मागच्या पडवीत स्पीकर असेल तर गाणं अडकत अडकत वाजतं.

दुसरं कारण उशीर. ब्लूटूथवरून आवाज पोचायला साधारण १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. गाणं ऐकताना हे कळत नाही. पण माजघरात कुणी माईकवर आरती म्हणत असेल आणि पडवीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर ती उशिरा येत असेल, तर ऐकणाऱ्याला आवाज दोनदा येतो आणि टाळ्यांचा ठेका चुकतो. एकाच कंपनीचे वायफाय स्पीकर आपापसात वेळ जुळवून घेतात, पण त्यासाठी ते आवाज काही क्षण साठवून मग सोडतात. म्हणजे थेट माईकला तेही फारसे उपयोगाचे नाहीत. तांब्याच्या वायरीत हा प्रश्नच येत नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे. वायरलेस स्पीकरचं आयुष्य त्याच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. जानेवारी २०२० मध्ये सोनोस या अमेरिकन कंपनीने आपल्या काही जुन्या उपकरणांना त्या मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत असं जाहीर केलं. ग्राहक इतके भडकले की कंपनीच्या सीईओंना माफी मागावी लागली. मार्च २०२५ मध्ये गुगलच्या जुन्या क्रोमकास्टचं आतलं एक डिजिटल प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातली चांगली चालणारी उपकरणं काही दिवस बंद पडली. घर आपण पन्नास वर्षांसाठी बांधतो. त्याची सोय एखाद्या अॅपवर सोडायची का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून सोपा नियम: उपकरणं हवी तर वायरलेस घ्या, पण भिंतीत पाईप आणि वायर टाकूनच ठेवा.

वायरी कशा न्यायच्या?

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लाईटच्या बोर्डासारखं लूपिंग. वायरमन सवयीने एका स्पीकरवरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर वायर नेतो. लाईटला ते चालतं, स्पीकरला नाही.

घरातल्या साध्या स्पीकरचा रोध बहुधा ८ ओहम असतो. असे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की फक्त २. अॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा रोध खाली गेला की त्याच्यावर ताण येतो, तो तापतो, बंद होतो किंवा जळतो. शिवाय लूपमध्ये एका खोलीचा आवाज वेगळा बंदही करता येत नाही.

त्यामुळे प्रत्येक खोलीची वायर थेट एका मध्यवर्ती जागी आणायची. तिथे अॅम्प्लिफायर, राउटर आणि सीसीटीव्हीचा डबा एकत्र ठेवता येतो. प्रत्येक खोलीला दोन गोष्टी द्या: एक स्पीकरची वायर आणि एक कॅट-सिक्स केबल. कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते. पुढे त्या खोलीत वायफायचा दुसरा पॉइंट, कॅमेरा किंवा स्मार्ट स्पीकर लावायचा झाला तर तीच कामाला येते.

घर फार मोठं असेल किंवा होमस्टेसाठी आठ-दहा खोल्या असतील, तर दुसरा पर्याय १०० व्होल्ट लाईनचा. रेल्वे स्टेशन, शाळा आणि देवळांमध्ये हीच पद्धत असते. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे लांब अंतरावर एकाच लाईनवर अनेक स्पीकर चालतात. इथे लूपिंग चालतं. मात्र वायरीतला दाब साध्या स्पीकरपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे उघडे जोड अजिबात ठेवायचे नाहीत.

कोणती वायर, किती जाडीची?

वायर लांब झाली की तिचा स्वतःचा रोध वाढतो आणि आवाजातली ताकद वायरीतच जाते. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम.

तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन धरली तरी साधारण १५ मीटर अंतरापर्यंत या मर्यादेत बसते. २.५ चौरस मिलिमीटरची २५ मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ही अंतरं निम्मी धरा. अंतर मोजताना खोल्यांमधलं सरळ अंतर नाही, पाईप वर चढून, वळून, खाली उतरतो ती लांबी मोजायची.

बाजारात ‘स्पीकर वायर’ म्हणून स्वस्तात मिळणारी बरीच वायर सीसीए असते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तिची उघडी टोकं लवकर खराब होतात आणि जोड सैल पडतात. ओळखायचं कसं? बंडल हातात हलकं लागतं. तार सुरीने खरवडली की आतून पांढरी दिसते. ही वायर भिंतीत पुरू नका.

पाईप टाकताना काय सांगायचं?

वायर थेट प्लास्टरमध्ये गाडायची नाही, पाईपमधूनच न्यायची. उद्या वायर उंदराने कुरतडली किंवा नवी टाकायची झाली, तर पाईप असल्यावर ती ओढून बदलता येते. वायरमनला या गोष्टी आधीच सांगा:

१. पाईप २५ मिलिमीटरचा घ्या आणि आतली निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहू द्या.

२. दोन बॉक्समध्ये काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. एल्बोऐवजी लांब बेंड वापरा.

३. लाईटच्या २३० व्होल्टच्या वायरी आणि स्पीकरच्या वायरी एका पाईपमध्ये कधीच नकोत. समांतर जात असतील तर साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. नाहीतर माईकच्या आणि सिग्नलच्या वायरीत घूं असा आवाज शिरतो. सुरक्षेचा मुद्दा तर आहेच.

४. प्रत्येक पाईपमध्ये नायलॉनची एक दोरी जास्तीची सोडून ठेवा. ज्या पाईपमध्ये आज काहीच टाकायचं नाही, त्यातही.

५. स्लॅबमधून पाईप न्यायचे असतील तर सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधीचा एखादा दिवसच हातात असतो. स्लॅबची तारीख ठरली की वायरमनला त्याआधी बोलवा.

वर कौलारू छप्पर असेल तर सीलिंग स्पीकरचा हट्ट सोडा. भिंतीवर, डोक्याच्या थोडं वर बॉक्स काढून ठेवा.

कोकणातल्या पावसाचं आणि विजेचं काय?

रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. त्यामुळे पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीत शक्यतो पाईप नेऊ नका, आतल्या भिंती निवडा. पडवीत आणि न्हाणीघरात दमटपणा सोसणारे स्पीकरच लावा. अंगणात जाणाऱ्या पाईपचं तोंड खाली वळवा म्हणजे पाणी आत उतरणार नाही. सगळी तोंडं बारीक जाळीने बंद करा. चाकरमान्यांची घरं महिनोन्‌महिने बंद असतात, तेव्हा उंदीर आणि मुंग्या हेच पाईप वापरतात.

अॅम्प्लिफायरची जागा ठरवताना २२ जुलै २०२१ आठवा. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि तळमजले बुडाले. नदी किंवा खाडीजवळ घर असेल तर मध्यवर्ती कपाट वरच्या मजल्यावर घ्या. इतरत्रही ते जमिनीपासून उंच, आतल्या भिंतीला आणि वर-खाली हवा खेळेल असं करा. बंद लाकडी कपाटात पावसाळ्यात बुरशी येते.

वीज पडण्याचा धोका मेमधल्या वळवाला आणि परतीच्या पावसात जास्त असतो. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी गेटपर्यंत किंवा अंगणात गेलेल्या लांब वायरीत झटका तयार होतो आणि तो अॅम्प्लिफायरपर्यंत येतो. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. तरीही खात्रीचा उपाय एकच: प्लग काढणे, आणि त्यासोबत बाहेरून येणारी इंटरनेटची व अंगणातल्या स्पीकरची वायरही काढणे. म्हणून हे सगळे प्लग हाताशी, एका जागी ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं.

अर्थिंगकडेही लक्ष द्या. सड्यावर वरची माती पातळ आणि खाली कातळ असतो, उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. परवानाधारक ठेकेदाराकडून ते उन्हाळ्यात मीटरने मोजून घ्या.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगडच्या अनेक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. अशा वेळी इन्व्हर्टर पंख्यांना आणि दिव्यांना लागतो, त्यामुळे अॅम्प्लिफायरचा प्लग त्यावर घ्यायचा की नाही हे आधीच ठरवा. घेणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, साध्यावर स्पीकर गुणगुणतात.

शेजाऱ्यांचं काय?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. पडवीत एक मोठा स्पीकर रस्त्याकडे तोंड करून लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे स्पीकर घराकडे तोंड करून लावा. कमी आवाजातही सगळ्यांना स्पष्ट ऐकू येतं आणि वाडीला त्रास होत नाही.

प्लास्टरच्या आदल्या दिवशीची यादी

वायरीच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली पट्टी लावा. मल्टिमीटरने प्रत्येक वायर तपासा आणि प्लास्टर झाल्यावर पुन्हा तपासा, कारण खिळा बहुधा मधल्या काळातच बसतो. मग मोबाईल काढा आणि प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून, पाईप दिसतील असे फोटो घ्या. ते फोटो घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा. पाच वर्षांनी भिंतीत ड्रिल मारायची वेळ येईल तेव्हा वायरमन कदाचित दुसराच असेल आणि तुम्ही मुंबईत असाल.

स्पीकर आत्ताच घ्यायला हवेत असं नाही. बजेट संपलं असेल तर नुसते पाईप, दोऱ्या आणि बॉक्स करून ठेवा, वर ब्लँक प्लेट लावा. पुढच्या गणपतीला एक खोली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी, असं जमेल तसं करता येतं.