साखळीतील बाक : वनस्पती तुपाचा इतिहास

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडी येथे १९३२ साली वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी युनिलिव्हरने आदल्याच वर्षी हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली होती. या पदार्थाची ओळख हिंदुस्थानला १९१८ च्या सुमारास हॉलंडच्या मार्गारीन उत्पादकांनी पाठविलेल्या मालातून झालेली होती. तो देशातच बनू लागला आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले, तेव्हा त्या नावाचा असा पगडा बसला की पुढे कोणत्याही कंपनीच्या वनस्पतीला मराठी घरांत डालडाच म्हटले जाऊ लागले.

शेंगदाण्याचे पातळ तेल कारखान्यात शिरते आणि पांढरे, थिजलेले ‘तूप’ होऊन बाहेर पडते, ही किमया समजून घेण्यासाठी तेल आणि तूप यांची अंतर्रचना पाहावी लागते. फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्हरल याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, स्निग्ध पदार्थ हे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांच्या संयोगाने बनतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. अशा तीन साखळ्या एका ग्लिसरॉलला जोडल्या गेल्या की स्निग्ध पदार्थाचा एक रेणू तयार होतो. साखळीतील प्रत्येक कार्बनला शक्य तितके हायड्रोजन अणू चिकटलेले असतील, तर तिला संपृक्त म्हणतात. दोन शेजारी कार्बन प्रत्येकी एका हायड्रोजनला मुकून परस्परांशी दुहेरी बंधाने जोडलेले असतील, तर ती असंपृक्त ठरते. वनस्पतिज तेलांत हा दुहेरी बंध साखळीला बाक आणतो. सरळ साखळ्या सरपणाच्या मोळीसारख्या एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांना सुटे करण्यास अधिक उष्णता लागते, तर बाकदार साखळ्यांची मोळी नीट बांधताच येत नाही. स्टिअरिक आणि ओलेइक या दोन्ही मेदाम्लांत अठराच कार्बन असतात, परंतु सरळ असलेले पहिले सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते आणि मध्यावर एकच बाक असलेले दुसरे १३-१४ अंशांनाच. थंड पाण्यातील माशांच्या तेलात असे बाक विशेष करून आढळतात आणि त्यामुळेच त्यांच्या पेशींची आवरणे गारठ्यातही लवचीक राहतात.

हा बाक काढून टाकण्याची युक्ती युरोपात सापडली. तुलूझ येथील पॉल साबातिये याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढविता येतो हे दाखविले आणि त्या कामासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याचे प्रयोग वाफेच्या रूपातील द्रव्यांवर होते. हीच क्रिया तेलासारख्या द्रवावरही घडविता येते, हे जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने सिद्ध केले आणि १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गरम तेलात निकेल मिसळून दाबाखाली हायड्रोजन सोडायचा आणि शेवटी निकेल गाळून घ्यायचे, एवढीच ती कृती. सर्व बाक काढले तर हाती मेणासारखा, तोंडात न विरघळणारा गोळा येतो, म्हणून क्रिया मध्येच थांबवावी लागे. हे अर्धवटपण पुढे फार महाग पडले.

हिंदुस्थानी गिऱ्हाइकाला केवळ घट्टपणा पुरेसा नव्हता, त्याला रवाळपणही हवे होते. म्हणून डब्यांत भरलेले वनस्पती सावकाश थंड होऊ देत, जेणेकरून त्याचे स्फटिक मोठे होऊन साजूक तुपासारखा रवा धरला जाई. गंधाची नक्कल मात्र साधत नव्हती, कारण तुपाच्या वासाला हातभार लावणारे ब्युटिरिक आम्ल अवघ्या चार कार्बनचे असल्याने सहज उडून नाकापर्यंत पोहोचते, आणि वनस्पतीतील सोळा-अठरा कार्बनच्या लांब साखळ्यांना ते शक्य नसते.

तथापि बाजारात वास पुरेसा साक्षीदार ठरला नाही. साजूक तुपात वनस्पती मिसळण्याचा धंदा इतका बोकाळला की महात्मा गांधींनी त्याविरुद्ध लिहिले, आणि स्वातंत्र्यानंतर संसदेत पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालू पाहणारे खासगी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. वनस्पतीला ओळखू येईल असा रंग द्यावा ही सूचनाही बरीच चर्चिली गेली, परंतु टिकाऊ, निरुपद्रवी आणि भेसळ करणाऱ्याला काढून टाकता न येणारा रंग मिळेना. अखेर वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलातील सिसॅमोल हे द्रव्य हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल यांच्याशी संयोग पावून गुलाबी-लाल रंग देते, त्यामुळे संशयित तुपाची परीक्षा नळीभर नमुन्यावर करता येऊ लागली. पदार्थाच्या पोटातच त्याचा चुगलखोर बसविण्याची ही कल्पना त्या काळातील कायदेकारांच्या चातुर्याचा उत्तम नमुना म्हणावी लागेल.

या साऱ्या वादात प्रश्न सचोटीचा होता, आणि तो रास्तच होता. खरा अपाय मात्र भेसळीच्या डब्यात नव्हे, अस्सल वनस्पतीच्या डब्यात होता. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजन चिकटतो तसा सुटतोही; तो सुटला की दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण जुळताना अनेकदा साखळीची दोन टोके बंधाच्या एकाच बाजूला न राहता विरुद्ध बाजूंना जातात. पहिल्या मांडणीस सिस आणि दुसऱ्या मांडणीस ट्रान्स म्हणतात. ट्रान्स मांडणीत दुहेरी बंध कायम राहूनही साखळी जवळजवळ सरळ होते. ओलेइक आम्लाच्या या ट्रान्स भावंडात अणू तेच आणि तितकेच असतात, तरी ते सुमारे ४४ अंशांना वितळते. वनस्पतीच्या घट्टपणाचा मोठा वाटा या ट्रान्स साखळ्यांचा होता, म्हणजे कारखानदाराला जो गुण हवा होता तोच दोष होता. मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० साली दाखविले की, ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. संपृक्त मेदाम्लांवर यांपैकी पहिलाच आरोप होता.

डेन्मार्कने २००३ साली खाद्य स्निग्धांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी डालडा हे नाव हिंदुस्थान लिव्हरने बंगे या कंपनीस विकले. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली, २०२१ च्या आरंभी ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. आजच्या वनस्पतीत मुख्यतः पामचे तेल असते, जे सरळ साखळीच्या पामिटिक आम्लामुळे मुळातच अर्धवट थिजलेले असते. डालड्याच्या जुन्या पिवळ्या डब्यावर हिरवे पामचे झाड छापलेले असे. त्या काळी आत बहुधा शेंगदाण्याचे तेल असे.