पेरिकिता : एका नावाची कुळकथा

लिस्बनच्या दक्षिणेस, तेजू नदीपलीकडे सेतूबालचे द्वीपकल्प आहे आणि तेथील आर्राबिदा डोंगररांगेच्या पायथ्याशी अझैतांव हे गाव आहे. कोइंब्रा विद्यापीठातून गणित शिकलेल्या जुझे मारिया द फोन्सेका यांनी 1834 मध्ये येथे वाइनची पेढी उभारली. ती आजही त्यांच्याच वंशजांकडे असून कुटुंबाची सातवी पिढी तिच्या कारभारात आहे. पेढीच्या ज्या तांबड्या वाइनने सर्वाधिक नाव मिळवले ती ‘पेरिकिता’ होय. या शब्दाचा अर्थ लहान पोपटीण असा आहे, परंतु वाइनला हे नाव पक्ष्यावरून थेट मिळालेले नाही. मध्ये जमिनीचा एक तुकडा आहे.

फोन्सेका यांनी रिबातेजू भागातून कास्तेलांव नावाच्या काळ्या द्राक्षाची कलमे आणून ती ‘कोव्हा द पेरिकिता’ या आपल्या मळ्यात लावली. ‘कोव्हा’ म्हणजे खोलगट जागा. या भागातील रेताड जमीन कास्तेलांवला विशेष मानवते. जाड सालीच्या या द्राक्षाची वाइन कोवळेपणी तुरट आणि करकरीत आंबट लागते, पण जुन्या वेलींच्या फळांत रासबेरीसारख्या रानफळांचा जो सुवास असतो तो मुरल्यावर उमलून येतो. मळ्यातील वाइन लोकांना आवडली, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी तेथील कलमे मागून नेली, आणि जेथून कलम आले त्या जागेचेच नाव ते वेलीलाही लावू लागले. अशा रीतीने मळ्याचे नाव वाइनला आणि वाइनच्या कीर्तीमुळे द्राक्षाला मिळाले; सेतूबाल परिसरात कास्तेलांवला पेरिकिता म्हणण्याची रीत इतकी रुजली की पुढे द्राक्षांच्या ग्रंथांतही तो पर्यायी शब्द म्हणून नोंदला गेला.

पेरिकिता ही ‘शांत वाइन’ आहे; ही संज्ञा येथे समजून घेतली पाहिजे. आंबवताना निर्माण होणारा वायू ज्या वाइनमध्ये कोंडून ठेवलेला नसतो, म्हणजे जी फसफसत नाही, तिला पोर्तुगीजमध्ये ‘त्रांकिलु’, अर्थात शांत, म्हणतात. अशा वाइनमध्ये वरून मद्यार्कही मिसळला नाही, तर ती जेवणाबरोबर घ्यावयाची मेजावरची वाइन ठरते. पोर्तुगालची जागतिक ख्याती पोर्त आणि मदैरा या मद्यार्क मिसळलेल्या वाइनवर उभी राहिली, तर साधी वाइन बहुतांशी पिंपांतूनच विकली जाई. मराठीतील ‘पीप’ आणि ‘पिंप’ हे शब्द ज्या पोर्तुगीज ‘पिपा’पासून आले, तोच हा लाकडी पिपा. अशा काळात, 1850 मध्ये, फोन्सेका यांनी पेरिकिता बाटलीत भरून स्वतःच्या नावाने बाजारात आणली. हा निर्णय या कथेतील सर्वांत धाडसी भाग मानावा लागेल, कारण बाटलीवर नाव घातले की मालाची जबाबदारीही त्या नावावर येते.

याच घराण्याच्या गोड, मद्यार्कयुक्त मोश्कातेलची पिंपे जहाजांवरून ब्राझील, आफ्रिका आणि भारताकडे जात, आणि विकली न जाता परतलेली वाइन प्रवासाच्या उष्णतेने व हेलकाव्यांनी अधिक चांगली मुरलेली आढळे. तिला ‘तोर्ना व्हियाजें’, म्हणजे परतीच्या प्रवासाची, असे म्हणत. पेरिकिताला असा प्रवास करावा लागला नाही. तिचे नाव आधी शेजारच्या मळ्यांत पसरले.

एकच शब्द द्राक्षाचे लोकरूढ नाव आणि एका कुटुंबाचे व्यापारचिन्ह अशा दोन्ही रूपांत नांदू लागला की गोंधळ अटळ असतो. आज द्राक्षाचे अधिकृत मुख्य नाव कास्तेलांव हेच असून, ‘पेरिकिता’ ही मुद्रा फोन्सेका घराण्याच्या बाटलीवर आहे. तांबड्या पेरिकितामध्ये कास्तेलांवबरोबर इतर द्राक्षेही मिसळली जातात, आणि अलीकडे याच नावाची पांढरी वाइनही निघते, जिच्यात त्या काळ्या द्राक्षाचा अंशही नसतो.