बार्शीचं मीठ

निजामाच्या राज्यात लातूरहून बार्शीला जाणं म्हणजे परमुलखात जाणं. आमच्या आजीला राजकारणातलं काही कळत नसे, पण करोडगिरीचा नाका चांगला कळायचा. तिचं माहेर बार्शीकडचं, म्हणजे इंग्रजी अमलातलं. छोट्या रुळांची बार्शी लाईट धापा टाकत लातूरला यायची आणि नाक्यावरचे लोक बायकांची गाठोडीसुद्धा उसकून बघायचे. तिचा भाऊ भाऊबीजेला ओवाळणीत कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये घालायचा. निजामाचा तो हाली रुपया. सहा कलदार दिले की सात हाली मिळत. हा हिशोब आजी शेवटपर्यंत तोंडी करायची, शाळेची पायरी न चढलेली बाई.

हे सगळं मला आत्यानं सांगितलं. ती तेव्हा परकर नेसायच्या वयाची. काही तिनं पाहिलेलं, काही आप्पांकडून ऐकलेलं, आणि आता दोन्हींची सरमिसळ झालेली. कधी ती लातूरची गोष्ट सांगता सांगता नांदेडला पोचते, कारण तिचं सासर उमरीकडचं. मी तिला अडवत नाही.

आप्पा, म्हणजे आजोबा, उर्दूत शिकलेले. देशात १५ ऑगस्ट साजरा झाला तरी आमच्या गावावर निजामाचाच झेंडा होता. हैदराबादेत तिरंगा उभारणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याच दिवशी पकडले गेले. पुढं २९ नोव्हेंबर १९४७ला दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण इंग्रजांच्या वेळी चालत होतं तसंच वर्षभर चालायचं, आणि एकमेकांकडे आपापला वकील ठेवायचा. दिल्लीनं कन्हैयालाल मुन्शींना हैदराबादेत धाडलं. आप्पांनी पारावर पेपर वाचून दाखवला, घडी घातली आणि म्हणाले, ‘‘भांडण मिटलं न्हाई, वरीसभर पुढं ढकललंय.’’

तसंच झालं. निजाम सरकारनं पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं, कलदार नाण्यावर बंधनं आणली. इकडं भारताकडून येणारा माल आटत गेला. नाकेबंदी आहे, नाही, यावर दोन्हीकडचे मोठे लोक पत्रं लिहीत होते. आमच्या घरात मात्र राकेलची चिमणी जेवणापुरतीच लागायची आणि मीठ दिसेनासं झालं. आत्याला त्या उन्हाळ्यातलं लोणचं आठवतं, म्हणजे न घातलेलं लोणचं. कैऱ्या उतरल्या, फोडी झाल्या, मोहरी फेसली, आणि भरणीला पुरेल एवढं मीठ गावात कुणाकडेच नाही. आजीनं फोडी माळवदावर वाळत घातल्या आणि वर्षभर आमटीत त्याच आंबोशी पडल्या. येसराच्या आमटीत मीठ इतकं कमी असायचं, की भाकरी नुसत्या लाल मिरचीच्या ठेच्याशी खाल्लेली बरी. करारमदार दिल्लीत होतात खरे, पण त्यांची चव अशी चुलीपाशी कळते, हे मला आत्याकडून समजलं. परराष्ट्र धोरणावरचे जाडजूड ग्रंथ मी नंतर वाचले.

निजामाच्या बाजूनं हत्यार उचललेल्या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. आप्पांनी त्याला लातुरात बघितलेलं, पण त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. खेडी जाळली जाऊ लागली तेव्हा घरातल्या बायका-पोरांना बार्शीला पोचवण्यात आलं. सोलापूर, बार्शी, तिकडे उमरखेड, सगळ्या सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते. उमरीत ३० जानेवारी १९४८ला क्रांतिकारकांनी स्टेट बँक लुटली आणि लाखोंचे हाली रुपये लढ्यासाठी नेले. आत्याच्या सासरच्या माणसांना तो दिवस दुहेरी आठवायचा. लुटीच्या बातमीपाठोपाठ गांधीजी गेल्याची बातमी आली. गावानं आनंद करायचा की सुतक पाळायचं, हे कुणालाच उमगेना.

उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. तिकडच्या एका सोयऱ्यानं माळवदावर झोपून रात्रीची विमानं ऐकली होती म्हणे. मी ते लहानपणी खोटंच समजत होतो. पण सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून बिदर आणि वरंगळला शस्त्रं उतरवत होता, हे खरं आहे. सोयऱ्यानं ऐकलेला आवाज त्याच विमानांचा असेल, नसेलही, मला तरी तो त्यांचाच वाटतो.

२१ ऑगस्टला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडं भारताविरुद्ध तक्रार केली. समितीनं ती १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ऐकली. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. विषय घ्यावा म्हणून आठ मतं पडली, तिघे तटस्थ राहिले, विरोधात कुणी नाही. पण भारताची फौज १३ सप्टेंबरलाच सोलापूरकडून आत शिरली होती. पॅरिसमध्ये भाषणं चालली तेव्हा लातुरात भारतीय जवान पोचलेले होते. १७ तारखेला निजामानं रेडिओवर शरणागती सांगितली आणि २२ला तक्रार मागे घेतली. दरम्यान २० सप्टेंबरला निजाम सरकारची दहा लाख पौंडांवरची रक्कम लंडनमधल्या पाकिस्तानी हायकमिशनरच्या खात्यात वळवली गेली होती. त्या पैशाचा निकाल लंडनच्या कोर्टात २०१९ साली लागला, भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं. व्याजासह साडेतीन कोटी पौंड. मी बातमी वाचून दाखवली तर आत्या म्हणाली, ‘‘एवढे दिवस सांभाळलं कुणी?’’

आजी दसऱ्याला बार्शीहून परतली तर तिच्या चुलीपुढं मणेर चाची भाकरी थापत होती. शेजारची चाची, आळीतल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरणारी. रझाकारांच्या दिवसांत, ‘‘बायकांना हलवा,’’ असं आप्पांना रात्री येऊन सांगणारे चाचा म्हणजे तिचाच नवरा. फौज आल्यावर सूड घेणारे उठले, आणि बाजाराला गेलेले चाचा परतले नाहीत. आप्पांनी चाचीला लेकरांसकट बळदाच्या खोलीत ठेवलं होतं. आजीनं पदर खोचला आणि दुसरा तवा मांडला. पुढच्या उन्हाळ्यात लोणचं दोघींनी मिळून घातलं. मग चाची भावाकडं हैदराबादला गेली.

या सुडाची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांचं पथक पाठवलं होतं. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं गेली असा त्यांचा अंदाज, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मी अभिमानानं जातो, रझाकारांनी मारलेल्यांची नावं आमच्या गावात आजही घेतली जातात, घ्यायलाच पाहिजेत. आत्याचं म्हणणं एवढंच, की चाचांचंही नाव त्या दिवशी घ्यावं. गेल्या वर्षी ती स्वतः शाळेत गेली, खुर्चीवर बसली आणि पोरांना हे सगळं सांगितलं, मिठापासून चाचांपर्यंत. मधे एकदा उमरीला जाऊन आली, अर्थात.