केमोथेरपी आणि पोषणपूरके

केमोथेरपी चालू असताना रुग्णाने जेवणाखाणाव्यतिरिक्त घेतलेली जीवनसत्त्वे, खनिजे, हळदीच्या कॅप्सूल, काढे इत्यादी. घरोघरी यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांनी चालू औषधे विचारली, की नेमकी हीच सांगायची राहतात. वैद्यकीय चाचणीत ही उणीव जास्त महागात पडते. दिसलेला परिणाम नव्या औषधाचा की पूरकाचा, हे मग ठरवता येत नाही.

पेमेट्रेक्सेड : पूरकांचा प्रश्न चाचणी चालू असतानाच सोडवावा लागल्याचे हे सर्वांत बोलके उदाहरण. मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या, बहुधा ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगावर सिस्प्लॅटिनच्या जोडीला हे औषध दिले जात होते. पेशींना लागणाऱ्या फोलेटची वाटच ते अडवते. सुरुवातीच्या काही रुग्णांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या, मृत्यूही झाले. रक्तात होमोसिस्टीन जास्त, म्हणजे बहुधा फोलेट किंवा बी-१२ अपुरे, अशांना त्रास अधिक होत असल्याचे ध्यानात आले. चाचणीचा नियम मध्येच बदलला: रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आणि दर ९ आठवड्यांनी बी-१२ चे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन. तुलना न्याय्य राहावी म्हणून केवळ सिस्प्लॅटिन घेणाऱ्या गटालाही ती देण्यात आली. विषारी परिणाम ओसरले, औषधाचा गुण मात्र टिकला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ४५६ रुग्णांपैकी पेमेट्रेक्सेड गटाचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने, दुसऱ्या गटाचे ९.३ महिने होते. आजही ही जीवनसत्त्वे दिल्याशिवाय पेमेट्रेक्सेड देत नाहीत.

तेच फॉलिक आम्ल कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधासोबत घेतल्यास जुलाब, तोंड येणे असे त्रास वाढू शकतात.

एस०२२१ : स्तनांच्या कर्करोगावरील या अमेरिकी चाचणीतील १,१३४ रुग्णांना पूरकांविषयी केमोथेरपीपूर्वी व केमोथेरपीदरम्यान विचारण्यात आले. क्रिस्टीन ॲम्ब्रोसोन व सहकाऱ्यांच्या विश्लेषणानुसार, दोन्ही काळांत ए, सी, ई, कॅरोटिनॉइड किंवा कोएन्झाइम क्यू-१० यांसारखी ऑक्सिडीकरणरोधके घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी अधिक दिसला. हा फरक सांख्यिकीय कसोटीच्या सीमारेषेवर होता. बी-१२ व लोहाचा संबंध अधिक ठळक आढळला, मल्टिव्हिटॅमिनचा आढळला नाही. हे निरीक्षण आहे, कारणाचा पुरावा नव्हे. पूरके घेणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या, आणि लोह घेणारीला आधीच रक्तक्षय असू शकतो.

ॲसिटिल-एल-कार्निटिन : केमोथेरपीने हातापायांना येणाऱ्या मुंग्या टाळण्यासाठी लोकप्रिय. ४०९ स्त्रियांच्या यादृच्छिक चाचणीत (२०१३) रोज ३ ग्रॅम घेणाऱ्यांचा हा त्रास २४ आठवड्यांनी उलट वाढलेला आढळला.

वनस्पतिजन्य पूरके : सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतल्याने इरिनोटेकॅन या केमोथेरपीच्या औषधाच्या सक्रिय घटकाची रक्तातील मात्रा ४२ टक्क्यांनी घटली (नेदरलँड्स, २००२, रुग्ण ५).

भारत : मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात रेझव्हेराट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणाने केमोथेरपीचे दुष्परिणाम कमी होतात का, यावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत.