ठिपके, ताग आणि खाऊ

पडद्यावर ठिपक्यांची झुंबड सरकतेय. डावीकडे की उजवीकडे, पटकन सांगायचं. किंवा समोर दोन खाऊंचे फोटो, हवा तो निवडायचा. अशा झटपट निर्णयांचा हिशेब आज बहुतेक प्रयोगशाळांत एकाच रीतीने मांडतात: मेंदू पुरावा थोडाथोडा साठवतो आणि साठा ठरावीक रेषेला टेकला की निर्णय होतो.

२००२ साली मेंदूशास्त्रज्ञ गोल्ड आणि शॅडलेन यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच या रीतीचं नातं ‘बॅनबरिझमस’शी जोडलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्क या सांकेतिक लिपी उलगडण्याच्या केंद्रात जर्मन नौदलाचे एनिग्मा संदेश लांब कागदांवर भोकं पाडून उतरवत, एक कागद दुसऱ्यावर सरकवत आणि जुळणारी भोकं मोजत. कागद बॅनबरीत छापलेले, म्हणून पुराव्याचं माप ‘बॅन’. रोजची बेरीज त्याच्या दशांशात, डेसिबॅनमध्ये. ही युक्ती ॲलन ट्युरिंग यांची. मग मूळपुरुष तेच ना?

मला नाही पटत. ते काम युद्धानंतर कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. मानसशास्त्रात ही कल्पना आणली ती १९६० मध्ये मर्विन स्टोन यांनी, आणि त्यांनी हात घातला तो संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड यांच्या पोतडीत. युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठात वॉल्ड यांनी मालाच्या तपासणीसाठी चाचणी रचली होती: प्रत्येक नगानंतर माल घ्या, नाकारा, नाहीतर आणखी एक नग तपासा. ट्युरिंग फार तर चुलत आजोबा. उलट संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या बंगालमधल्या, टप्प्याटप्प्याने केलेल्या ताग-पाहणीला वॉल्ड यांनी स्वतःच पूर्वसूरीचा मान दिला आहे.

पुढचा प्रवास सरळ आहे: १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॅटक्लिफ यांनी स्मरणशक्तीसाठी हेच गणित वापरलं, मग माकडांच्या मेंदूपेशींत त्याच्या खुणा सापडल्या.

खरी उसनवारी झाली ती हे गणित खाऊच्या फोटोंना लावताना. ठिपक्यांचा पुरावा पडद्यावर असतो, चॉकलेटचा कुठे? माझ्या मते आठवणीत. मागे खाल्लेल्याची चव मेंदू पुन्हापुन्हा चाचपत असणार, आणि म्हणूनच रॅटक्लिफ यांचं स्मरणाचं गणित इथे इतकं चपखल बसतं. फक्त आठवणीवर भागत नाही, नजरही लुडबुडते. २०१० मध्ये क्रायबिच आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या माणसांची नजर टिपली. ज्या फोटोवर ती जास्त वेळ रेंगाळली, तोच बहुधा निवडला गेला. त्यांच्या गणितात, एका पदार्थाकडे बघताना दुसऱ्याची किंमत जेमतेम ०.३ पट धरली जाते.