साडेतीनशेत पाचशे

दिवाळीत देवरीला घरी गेलो की माझा एक दिवस ठरलेला असतो. आबाजींची बुलेट पडवीतून बाहेर काढायची, धूळ पुसायची, घाम फुटेपर्यंत किका मारायच्या आणि सुरू झालीच तर बाजारापर्यंत एक चक्कर. गाडी 1973 ची. घरात धानाचे पैसे आले त्या वर्षी घेतलेली, असं आजी सांगते. आबाजी गेले, गाडी राहिली.

यंदा मात्र मी नुसता फडकं घेऊन गेलो नव्हतो, पोतं घेऊन गेलो होतो! त्यात बुलेट 500 चा ब्लॉक, पिस्टन आणि हेड. पुण्यात ऑफिसमधल्या एका मित्राकडे पडून होतं, त्याने मिठाईच्या भावात दिलं. कारण साधं. आमच्या गावावरून हायवे जातो, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. त्याच्यावर आबाजींची बुलेट सत्तरला थरथरायला लागते आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. डिग्री मेकॅनिकलची, पोट आयटीवर. म्हटलं शिकलेलं एकदा तरी वापरू.

आता हे डोक्यात आलं कसं, तर आकड्यांमुळे. बुलेट 350 चा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. बुलेट 500 चा बोअर 84, स्ट्रोक... 90! म्हणजे पिस्टन वर-खाली धावतो ते अंतर तेच, फक्त नळकांडं रुंद. 84 भागिले 70 म्हणजे बरोबर 1.2, त्याचा वर्ग 1.44. ब्लॉक बदला, 346 सीसीचे 499 होतात, तब्बल 44 टक्के जास्त. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, वरचं मोड्यूल बदललं की झालं.

हे 90 मिलिमीटर आले कुठून, हे शोधताना माझे दोन वीकेंड गेले.

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने युद्धानंतरची नवी बुलेट 1948 मध्ये दाखवली, 350 सीसीची, 70 बाय 90. पाच वर्षांनी, 1953 मध्ये, जास्त ताकदीची गाडी हवी झाली तेव्हा त्यांनी स्ट्रोकला हात न लावता बोअर 84 केला आणि 500 काढली. म्हणजे साडेतीनशेचं पाचशे करण्याचा उद्योग सगळ्यात आधी कारखान्यानेच केला. (हे वाचून मला फार धीर आला होता. पुढे वाचा.)

आपल्याकडे आली ती मात्र धाकटी. लष्कर आणि पोलिसांसाठी भारत सरकारने 350 निवडली, 1955 मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचवाल्यांबरोबर एनफील्ड इंडिया काढली आणि तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. तिकडे इंग्लंडमध्ये मूळ बुलेट साठच्या दशकातच बंद झाली आणि 1970 मध्ये कंपनीचाही कारभार आटोपला. इकडे मद्रासमध्ये तीच बुलेट चालूच! 1977 पासून तर तीच गाडी उलटी ब्रिटनला जायला लागली. पण भारतात 500 यायला 1990 च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर तीनेक पिढ्यांच्या मिस्त्रींनी फक्त 350 खोलली आणि जोडली.

गंमत पुढे आहे. 1994 मध्ये आयशरने कंपनी घेतली. 2009 च्या सुमारास जुनं बिडाचं इंजिन जाऊन गिअरबॉक्ससकट एकसंध असलेलं नवं इंजिन आलं. सगळं बदललं, पण मोजमाप? 350 ला 70 बाय 90, 500 ला 84 बाय 90. रेडिचच्या कागदावरचे आकडे तसेच! शेवटी 2020 मध्ये 500 बंद झाली, आणि 2023 मध्ये बुलेट 350 ला 72 बाय 85.8 मिलिमीटरचं नवं इंजिन मिळालं. 1948 ते 2023, पंचाहत्तर वर्षं एक स्ट्रोक. आपल्याकडे सॉफ्टवेअर पाच वर्षं टिकलं तर त्याला लेगसी म्हणतात :)

असो. तर पोतं घेऊन मी गेलो मिस्त्रींकडे. आबाजींच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखालची. त्यांनी ब्लॉक हातात घेतला, उलटा केला, खालच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"बसते भाऊ. बसाले काय जाते? चेंबरचं तोंड लेथवर मोठं करा लागन. पण खालचा क्रँक तं साडेतीनशेचाच राहीन ना?"

मी म्हटलं, काका, स्ट्रोक एकच आहे.

"स्ट्रोक एक असन. वजन एक आहे का?"

हा प्रश्न मला चार वर्षांच्या डिग्रीत सुचायला हवा होता. 84 चा पिस्टन जास्त जड. फ्लायव्हीलवर जो तोल साधलेला असतो तो 70 च्या पिस्टनचा विचार करून. तो बिघडला की गाडी थरथरते, म्हणजे ज्या दुखण्यावर मी औषध आणलं होतं तेच दुखणं वाढणार. शिवाय पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ 1.44 पट, म्हणजे तेवढ्याच दाबाला क्रँकपिनवर येणारा रेटाही 1.44 पट. जुन्या बुलेटला बिग एंडला गोळ्यांचं बेअरिंग नाही, तरंगतं बुश असतं, आणि त्याला तेल पोचवणारा पंप धिम्या चालीचा. कंपनीच्या सुट्या भागांत 350 चा क्रँक वेगळा आणि 500 चा वेगळा मिळतो तो उगाच नाही. कार्ब्युरेटर 24 चा जाऊन 28 चा आला, आणि पुढचा ड्रम जुन्या 350 स्टँडर्डला 6 इंची, 500 ला 7 इंची. कारखान्याने मोठा ब्लॉक बसवला तेव्हा त्याच्या खालचं आणि पुढचंही सगळं बदललं. मला मात्र त्यातला फक्त ब्लॉक दिसला होता.

आणि एवढं करून मिळतं काय? जुन्या 350 ची ताकद 18 हॉर्सपॉवर, 500 ची 22. सीसी 44 टक्के वाढले, घोडे जेमतेम 22 टक्के. खालचा जोर वाढतो हे खरं, पोती लादायला तो कामाचा. पण मला पोती लादायची नव्हती.

गोंदियात कॉलेजची पोरं आरएक्स 100 वर आरएक्स 135 चा ब्लॉक चढवतात, त्याचंही गणित असंच आहे. 50 बाय 50 चे 58 बाय 50, म्हणजे 98 सीसीचे 132. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, पोर्ट ब्लॉकमध्येच कोरलेले, त्यामुळे ब्लॉकबरोबर इंजिनाचा स्वभावच बदलतो आणि ताकद दिसून येते. माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. बुलेट वेगळी.

कायद्याचा मुद्दा मिस्त्रींनी नाही, माझ्या धाकट्या बहिणीने काढला. ती वकिलीला आहे. आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये आणि रोज फिरवायची नाही. आबाजींची बुलेट 2023 मध्येच पन्नाशीत गेली. लेथवर चेंबर एकदा कापलं की मूळ रूप संपलं, ते परत जोडता येत नाही.

मग त्या दिवशी आम्ही जुनाच ब्लॉक उतरवला. आत घासून घासून ओठ पडला होता, बोट फिरवलं की लागत होता. गोंदियाला नेऊन बोअर मारला आणि वीस थाउ मोठा पिस्टन टाकला, हा बुलेटचा नेहमीचा ओव्हरसाइज. वीस थाउ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. संध्याकाळी अंगणात बसून मी हिशेब केला: बोअर 70.5, स्ट्रोक 90, सीसी 351.

मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "पाय, वाढले ना पाच. आता हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नोको."

पाचशेचा ब्लॉक पडवीतच आहे. आजीने त्यात तुळशीचं रोप लावलंय, खाली भोक असल्यामुळे पाणी साचत नाही म्हणते.